ब्लॉक लेटर, ६५०५ प्लस की ईव्हीएच? लातूरच्या बँडसाठी ५१५० घराण्याची तुलना

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरला चार जणांचा बँड आहे. अर्धी गाणी स्वतःची, मेटल. अर्धी कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायची हिंदी-मराठी. तीन सेकंडहँड हेड (स्पीकर वेगळा लावायचा असे गिटारचे अ‍ॅम्प) समोर आले आहेत. एक, अमेरिकेहून कुणीतरी आणलेला नव्वदच्या दशकातला, पीव्ही या अमेरिकन कंपनीचा ब्लॉक लेटर ५१५०. दुसरा, पुण्यातला पीव्ही ६५०५ प्लस. तिसरा, मुंबईतला ईव्हीएच ५१५० थ्री, ५० वॅटचा. "दादा, सगळे म्हणतात ब्लॉक लेटरचा आवाज पुन्हा कुणाला जमला नाही. पैसे एकदाच जमलेत. कोणता घेऊ?"

पैसे एकदाच जमलेत म्हणालास, म्हणून निकाल आधी सांगतो आणि कारणं नंतर. तुझ्यासाठी ईव्हीएच ५० वॅट. ६५०५ प्लस २३० व्होल्टचा असेल आणि भावात बराच फरक असेल, तर तो घेतलास तरी पस्तावणार नाहीस. ब्लॉक लेटर तू घेऊ नयेस. तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजशील त्यातला मोठा भाग नावाचा असेल, आणि लातूरच्या विजेवर तो सांभाळणं तिघांत सगळ्यात अवघड आहे. मी संभाजीनगरला अ‍ॅम्प दुरुस्त करतो. या घराण्यातले बरेच अ‍ॅम्प माझ्या टेबलावर उघडे पडलेले असतात. पुढचं सगळं त्या अनुभवावरून.

आधी वंशावळ नीट समजून घे, कारण निम्मा गोंधळ नावांचा आहे. पहिला ५१५० पीव्हीने १९९२ मध्ये गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसाठी काढला. सर्किट पीव्हीचे इंजिनिअर जेम्स ब्राउन यांचं. १२० वॅट, पॉवरला चार ६एल६ व्हॅक्यूम ट्यूब, प्रीअ‍ॅम्पला पाच १२एएक्स७ ट्यूब, ऱ्हिदम आणि लीड असे दोन चॅनल, पण लो-मिड-हाय दोघांत मिळून एकच. सुरुवातीच्या अ‍ॅम्पवर नाव ठोकळ्या अक्षरांत होतं, ते ब्लॉक लेटर. नंतरच्यांवर सहीसारखं, त्याला लोक सिग्नेचर म्हणतात. १९९९ मध्ये ५१५० टू आला: एक प्रीअ‍ॅम्प ट्यूब जास्त, दोन्ही चॅनलना स्वतंत्र टोन, स्वतंत्र प्रेझेन्स आणि रेझोनन्स. २००४ मध्ये एडी आणि पीव्ही वेगळे झाले, नाव एडीसोबत गेलं आणि पीव्हीने तेच दोन अ‍ॅम्प ६५०५ आणि ६५०५ प्लस या नावांनी चालू ठेवले. म्हणजे ६५०५ हा पहिला ५१५०, आणि ६५०५ प्लस हा ५१५० टू. दुकानदार कधी कधी 'प्लस' म्हणजे जास्त गेन असं सांगतात, तसं नाही. एडीने पुढे फेंडरबरोबर ईव्हीएच हा ब्रँड काढला आणि २००७ मध्ये १०० वॅटचा, तीन चॅनलचा ५१५० थ्री आला. ५० वॅटचा त्याच्या नंतरचा.

या सगळ्यांच्या मुळाशी सोल्डानो एसएलओ-१०० दिसतो, १९८७ चा. एकामागून एक गेनचे (सिग्नल फुगवण्याचे) टप्पे, आणि त्यातला एक टप्पा मुद्दाम इतका थंड ठेवलेला की तो सिग्नलची एक बाजू लवकर कापतो. त्या टप्प्याच्या कॅथोडला ३९ किलोओहमचा रेझिस्टर असतो, साध्या टप्प्याला दीड-दोन किलोओहमचा पुरतो. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) केल्यावर जो दाणेदार, चावणारा 'जंग' येतो, त्यात या टप्प्याचा वाटा मोठा. पुढे पॉवर सेक्शनमध्ये रेझोनन्स आणि प्रेझेन्स हे दोन नॉब निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन ठेवलेला ताबा) कमी करतात. रेझोनन्स खालच्या सुरांत, प्रेझेन्स वरच्या. रेझोनन्स वाढवला की फीडबॅकचा स्पीकरवरचा ताबा बासमध्ये सुटतो आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, घुमतं. हा साचा तिघांत जवळजवळ तोच आहे. म्हणूनच लीड चॅनलवर, गेन सहावर, ड्रमर पूर्ण जोरात असताना तिघांतला फरक प्रेक्षकाला कळत नाही. वाजवणाऱ्याला कळतो, बोटांखाली कळतो. तो फरक काय ते आता सांगतो.

पहिला ५१५० आणि ६५०५ सगळ्यात उघडे, कच्चे. वरच्या मिडमध्ये एक खरखर आहे, तीच लोकांना आवडते आणि तीच बेसुमार झाली की कानाला लागते. ६५०५ प्लसची लीड किंचित गडद आणि खाली जरा आवळलेली. ड्रॉप ट्यूनिंगला मला ती जास्त सोयीची वाटते. ईव्हीएचचा लाल, म्हणजे सगळ्यात जास्त गेनचा, चॅनल तिघांत सगळ्यात घोटलेला आहे. गेन भरपूर, पण कडा गुळगुळीत, नोट लांब टिकते, आणि हिसिंग पीव्हीपेक्षा कमी. काहींना तो जास्तच सभ्य वाटतो. एक्झोडस या बँडसारखा थ्रॅश मेटल वाजवणाऱ्या गिटारिस्टला मी पीव्हीच सुचवीन. तुझ्या बँडची रेकॉर्डिंग ऐकली, तुम्ही लो बी-ला (सगळ्यात जाड तार बी सुरापर्यंत उतरवून) वाजवता, दोन गिटार आहेत आणि सोलोला जागा ठेवता. त्याला ईव्हीएच बसतो.

ब्लॉक लेटरची दंतकथा आली कुठून, हे मला नीट सांगावंसं वाटतं, कारण त्यात फसून बरीच पोरं दुप्पट पैसे देतात. ब्लॉक लेटर आणि सिग्नेचर यांच्या सर्किटमध्ये आवाज बदलेल असा फरक मला बोर्डवर सापडत नाही. फरक असतो तो ट्यूबमध्ये. सुरुवातीच्या अ‍ॅम्पमध्ये सिल्व्हेनियाच्या अमेरिकन ६एल६ येत असत, त्या दमदार होत्या. आज तीस वर्षांनी विकायला आलेल्या ब्लॉक लेटरमध्ये त्या ट्यूब बहुधा नसतातच. कुणीतरी कधीतरी बदललेल्या असतात. म्हणजे ज्याची कीर्ती आहे ती वस्तू डब्यात नाही, डब्यावरची अक्षरं आहेत.

दुसरी गोष्ट बायस, म्हणजे काही वाजत नसताना पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं सेटिंग. हा मुद्दा नीट वाच. पीव्हीच्या या अ‍ॅम्पमध्ये बायस कारखान्यातच ठरलेला असतो, फिरवायला पॉट (बदलता रेझिस्टर) नाही, आणि तो थंड बाजूला ठेवलेला असतो. ६एल६जीसी ट्यूबची प्लेटवरची (करंट गोळा करणाऱ्या भागावरची) मर्यादा ३० वॅट. प्लेटला ४८० व्होल्ट असतील आणि मर्यादेच्या ६५ टक्क्यांवर चालवायचं ठरवलं, तर एका ट्यूबमधून साधारण ४० मिलीअँपिअर वाहायला हवा. मी मोजतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. कारण समजण्यासारखं आहे: ट्यूब थंड चालल्या तर जास्त टिकतात आणि कुठलीही जोडी टाकली तरी अ‍ॅम्प जळत नाही. पण परिणाम आवाजावर होतो. कमी आवाजाला, सिग्नल एका बाजूच्या ट्यूबकडून दुसऱ्या बाजूकडे जातो त्या जागी, क्रॉसओव्हरची करकर येते, आवाज कोरडा आणि वरून टोकदार वाटतो. बायसला एक ट्रिमर आणि योग्य रेझिस्टर बसवला, ३० ते ३५ मिलीअँपिअरवर आणला, की तोच अ‍ॅम्प भरदार होतो. ४० पर्यंत मी आपल्याकडे नेत नाही, त्याचं कारण पुढे विजेच्या मुद्द्यात येईल. आता विचार कर. कुणी ट्रिमर बसवलेला ब्लॉक लेटर आणि कारखान्याच्या थंड बायसवरचा ६५०५ शेजारी ठेवून वाजवतो आणि म्हणतो, जुन्याची सर नव्याला नाही. त्याने अ‍ॅम्प तोलले नाहीत, बायस तोलला. नंतरच्या ५० वॅट ईव्हीएचमध्ये बायस मोजायची आणि फिरवायची सोय मागून दिलेली आहे. तुझ्यासारख्याला, ज्याला ट्यूब बदलायला दर वेळी संभाजीनगर किंवा पुणे गाठायचं आहे, ही सोय फार मोलाची. ट्यूब जोडी बदलली, मल्टीमीटर लावला, स्क्रू फिरवला, चेसिस उघडायचं कारण नाही.

तुलना करताना आणखी एक चूक सर्रास होते. दोन्ही अ‍ॅम्पचे नॉब पाचवर ठेवले म्हणजे सेटिंग सारखं, असं धरतात. पॉटच्या किमतीत वीस टक्के इकडे-तिकडे चालतं, तेवढी मोकळीक तर एकाच मॉडेलच्या दोन अ‍ॅम्पमध्येही असते. नॉबकडे बघू नको, कानाने दोन्ही जवळ आण, मग काय उरतं ते ऐक. आणि आवाजाची पातळी सारखी कर. एक डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्प माणसाला 'जास्त चांगला' वाटतो, मोठा वाटत नाही. फोनमधलं साउंड मीटरचं अ‍ॅप अचूक नसतं, पण दोन अ‍ॅम्प एकाच जागेवरून जुळवायला पुरेसं आहे. गिटार तीच, केबल तीच, कॅबिनेट तेच. हे केलंस की तिन्ही आवृत्त्यांतला फरक लोक सांगतात त्याच्या एक चतुर्थांशही उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

कॅबिनेटचं मात्र उलटं. व्हिंटेज ३० स्पीकरच्या जागी पीव्हीचे जुने शेफिल्ड लाव, अ‍ॅम्पचं घराणंच बदलल्यासारखं वाटेल. व्हिंटेज ३० वरच्या मिडमध्ये पुढे येतो, बँडमध्ये गिटार कापत बाहेर पडते. शेफिल्ड जास्त सपाट आणि कोरडा. बजेट ठरवताना हेडला सगळे पैसे लावून कॅबिनेटला मंडप डेकोरेटरचा जुना पीए बॉक्स वापरायचा, असं करू नको. गिटारचा स्पीकर पाच-साडेपाच किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो आणि डिस्टॉर्शनची सगळी टोचणी तिथेच गाळली जाते. पीएचा फुल-रेंज बॉक्स ती गाळत नाही. माशीसारखी गुणगुण ऐकू येते आणि मुलं अ‍ॅम्पला दोष देतात. चांगला सुतार असेल तर १८ मिलिमीटरच्या प्लायचं, मागून बंद असलेलं, दोन बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट लातूरलाच बनतं. स्पीकर मात्र अस्सल घे, आणि दोघांची मिळून वॅटेज अ‍ॅम्पपेक्षा बरीच जास्त ठेव.

आता विजेकडे येतो. मराठवाड्यात अ‍ॅम्प निवडताना माझ्या मते हाच पहिला निकष असायला हवा, आणि कुठल्याही तुलनेत तो येत नाही, कारण तुलना करणारे जिथे राहतात तिथे भिंतीतलं व्होल्टेज दिवसभर जागचं हलत नाही.

ट्यूबच्या हीटरला (आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के वर-खाली चालतात. म्हणजे ५.७ ते ६.९. अ‍ॅम्प २३० चा असेल तर भिंतीत २०७ ते २५३ च्या मध्ये राहिलं पाहिजे. रात्री शेतीपंप बंद झाले, फीडरवरचा भार उतरला आणि व्होल्टेज २६० ला गेलं, की हीटरला ७.१ मिळतात. संध्याकाळी १९० ला आलं तर ५.२. दोन्हीकडे ट्यूबचं आयुष्य खाल्लं जातं. भिंतीत २६० असताना प्लेटचे ४८० चे ५४० होतात. बायसचं ऋण व्होल्टेज त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतं, तेही वाढतं, म्हणून करंट एकदम पळत नाही. पण स्क्रीन ग्रिड आणि फिल्टर कॅपॅसिटर यांना तो ताण सोसावा लागतो. म्हणूनच मी इकडच्या गिऱ्हाइकांचे बायस पुस्तकी ६५-७० टक्क्यांवर न ठेवता थोडे खाली ठेवतो. कमी व्होल्टेजवर अ‍ॅम्प छान वाजतो, असंही तुला कुणीतरी सांगेल. एडी स्वतः जुन्या मार्शलला व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज उतरवून वाजवायचा, हे खरं आहे. पण ते ठरवून उतरवलेलं आणि तिथेच स्थिर ठेवलेलं व्होल्टेज होतं. गाण्याच्या मध्येच वीस व्होल्टने खाली-वर होणाऱ्या विजेचा त्याच्याशी संबंध नाही.

आता अमेरिकेहून आलेला ब्लॉक लेटर यात बसव. त्याच्या मागच्या पट्टीवर बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ छापलेलं असेल. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून १२० देता येतात, तो प्रश्न नाही. पण आपली वीज ५० हर्ट्झची. ६० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला, की त्याच्या गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स वीस टक्क्यांनी वाढतो. त्यात भिंतीतलं व्होल्टेज दहा टक्के चढलेलं असेल, तर एकावर एक मिळून बत्तीस टक्के. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेशनकडे सरकतो, गुरगुरतो, तापतो. एप्रिल-मेमध्ये लातूरला बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना मंडपात, स्टेजवरच्या दिव्यांखाली, हेडच्या आत काय होत असेल बघ. स्टेपडाउन घ्यावाच लागला तर हजार व्हीएचा घ्यायचा, छोटा खेळण्यातला नाही, आणि त्याच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर. म्हणजे वीस किलोंहून जड हेड, त्याच्यासोबत तेवढंच वजन लोखंडाचं. चार जणांच्या बँडला, एका तीनचाकी टेम्पोत. काही ट्रान्सफॉर्मरना दोन्ही व्होल्टेजच्या तारा आत दिलेल्या असतात, काहींना नसतात. उघडून बघितल्याशिवाय कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नको. नसतील तर २३० चा नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीमुळे संभाजीनगरला ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कुशल लोक आहेत, मी त्यांच्याकडूनच करून घेतो. पण मग तो खर्चही ब्लॉक लेटरच्या किमतीत धर.

स्टॅबिलायझर तिघांपैकी कोणताही घेतलास तरी लागेलच. फ्रीजला लावतात तो रिलेचा नको. तो पायऱ्यांनी बदलतो, कट्‌कन आवाज होतो आणि त्या क्षणी झटका अ‍ॅम्पला बसतो. सर्व्हो घे, एक केव्हीए पुरतो.

इन्व्हर्टरवर तालीम करायची सवय असेल तर तेही सांगतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्यूब अ‍ॅम्प मेल्यासारखा वाजतो आणि मुलांना वाटतं ट्यूब गेल्या. कारण असं: २३० च्या साइन वेव्हचं शिखर ३२५ व्होल्टला असतं, आणि प्लेटचं व्होल्टेज त्या शिखरावरून बनतं. स्क्वेअर वेव्हचं शिखर २३० च. हीटर बरोबर पेटतात, पण ४८० च्या जागी प्लेटला ३४० च्या आसपास मिळतात. वर गुणगुण वेगळी. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तरच लाव.

मंडपातल्या विजेची एक गोष्ट जिवाशी खेळ आहे म्हणून ठळक सांगतो. थ्री-फेज कनेक्शनचा न्यूट्रल सैल झाला, की सिंगल-फेज सॉकेटला तीनशे-साडेतीनशे व्होल्टही येऊ शकतात. अ‍ॅम्प लावण्याआधी सॉकेटवर मल्टीमीटर लाव, फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही बघ. आणि हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकलेली केबल कधीही वापरू नको. गिटारच्या तारा चेसिसला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पला अर्थ नसला आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या लाइनवर असला, तर ओठ माइकला लागताच फरक तुझ्या शरीरातून जातो. हम घालवायचे दुसरे मार्ग आहेत. अर्थ काढणे हा मार्ग नाही.

क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या आवाजाच्या, चॅनलविषयी फार लिहावं लागत नाही, पण तुझा निर्णय खरं तर इथेच होतो. पहिल्या ५१५० चा क्लीन नावाला क्लीन आहे. हंबकर पिकअपने जरा जोरात मारलं की फाटतो, आणि टोन लीडसोबत वाटून घेतलेला. लीडसाठी मिड कापलेस तर क्लीनचेही कापले गेले. ६५०५ प्लसमध्ये टोन स्वतंत्र झाले, क्लीनला थोडी जास्त जागा मिळाली, तरी चमकदार क्लीन तो नव्हेच. ईव्हीएचचा हिरवा चॅनल खरोखर क्लीन राहतो. गॅदरिंगला अर्पेजिओ वाजवायचे, कोरस-डिले लावायचा, तर तिघांत हाच. ५० वॅटमध्ये हिरवा आणि निळा चॅनल टोन वाटून घेतात ही त्याची कमतरता. सुरुवातीच्या ५० वॅट मॉडेलमध्ये तर गेन आणि व्हॉल्यूमही दोघांत एकच होता. निळा जुळवला की हिरवा बारीक व्हायचा. नंतरच्यांत गेन-व्हॉल्यूमला दुहेरी नॉब दिले, आतला एका चॅनलचा, बाहेरचा दुसऱ्याचा. मुंबईचा अ‍ॅम्प कोणता आहे ते समोरच्या फोटोवरूनच कळेल. दुहेरी नॉब नसतील तर भाव कमी करून माग.

१२० वॅटच्या पुढे ५० कमी पडतील ही भीती सोडून दे. फरक चार डेसिबलपेक्षा कमी आहे. लातूरच्या कुठल्याही हॉलला ५० वॅट ट्यूब पुष्कळ होतात, मैदानात तर माइक लावून पीएमधूनच जायचं आहे. उलट दहा-बाय-बाराच्या सिमेंटच्या खोलीत तालमीला १२० वॅटचा पोस्ट गेन (चॅनलचा व्हॉल्यूम) दीडवरून दोनवर नेला की भिंती हलतात, मध्ये काही जागाच नाही. तो त्रास ५० लाही होतो, कमी होतो. घरासाठी इफेक्ट्स लूपमध्ये व्हॉल्यूम पेडल टाकलंस की लगाम हातात राहतो.

घेण्याआधी काय बघशील? अ‍ॅम्प थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवला असेल तर थांब, गार होऊ दे, मग चालू करून अर्धा तास वाजव. तापल्यावर आवाज बसतो का, कुठली पॉवर ट्यूब लालसर होते का, ते अंधारात बघ. प्लेट लाल दिसली तर लगेच बंद. सगळ्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकं टिचकव. पहिली ट्यूब थोडी वाजणारच, पण घंटेसारखी घुमली आणि शिट्टी धरली तर ती बदलावी लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पॉट फिरवताना खरखर आली तर आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीचा तो नेहमीचा आजार, क्लीनरने जातो. पण पॉट फिरवताना ठकठक येत असेल तर कुठला तरी कपलिंग कॅपॅसिटर डीसी गळतोय. इनपुट जॅक आणि ट्यूबचे सॉकेट थेट सर्किट बोर्डवर बसवलेले असतात. जॅक हलवून आवाज तुटतो का बघ, सांध्यांना बारीक तडा असतो. मागची जाळी काढता आली तर टॉर्चने आत पाहा. पालीने चेसिसच्या उबेला अंडी घातलेली मी अनेकदा पाहिली आहेत. पाचशे व्होल्टच्या दोन पट्ट्यांमध्ये पाल आडवी गेली की अ‍ॅम्प तिच्याबरोबर जातो. फ्यूज काढून वाच: तेवढ्याच वॅटला २३० वर करंट १२० च्या निम्मा असतो, त्यामुळे २३० च्या अ‍ॅम्पमध्ये १२० चा मोठा फ्यूज टाकलेला दिसला तर कुणीतरी जळणारा फ्यूज मोठा करून वेळ मारून नेली आहे. त्याचं कारण सापडल्याशिवाय घेऊ नको. स्पीकर न जोडता चालू करून दाखवणाऱ्याकडूनही घेऊ नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने आधीच किती वेळा दुखवला असेल सांगता येत नाही.

ब्लॉक लेटरचं वय हाही हिशेब धर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तीस वर्षांचे झाले. दर दहा अंश तापमानाला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपला उन्हाळा माहीत आहे. सगळे बदलावे लागतात, आणि ते काम माहीतगाराचंच. प्लग काढल्यावरही त्यात प्राण घेईल इतका चार्ज राहतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः आत हात घालू नको, तू इलेक्ट्रिकलला शिकत असलास तरी.

ईव्हीएच घेतलास तर सुरुवात अशी कर. लाल चॅनल, गेन साडेचार. तुला कमी वाटेल, पण दोन गिटार मिळून पुरतो. मिड पाचच्या खाली नेऊ नको, घरी एकट्याने वाजवताना कापलेला मिड गोड लागतो आणि बँडमध्ये गिटार गायब होते. रेझोनन्स मागच्या बाजूला असेल, तो आधी चारवर, बासिस्ट आल्यावर बघ. गिटार आणि हेडच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्हचं पेडल) लाव: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्ये. तो गेनसाठी नाही, खालचा ढिसाळ बास गिटारकडेच छाटण्यासाठी आहे. लो बी-ला हा एक पेडल तिन्ही आवृत्त्यांतल्या फरकापेक्षा जास्त काम करतो. आणि पुण्याचा ६५०५ प्लस अजून पूर्ण डोक्यातून काढू नको. विकणाऱ्याला मागच्या व्होल्टेजच्या पट्टीचा आणि चारही पॉवर ट्यूबचा फोटो मागव. पट्टीवर २३० आणि ५० हर्ट्झ असेल, ट्यूब एकाच मेकच्या असतील आणि किंमत ईव्हीएचच्या दोन-तृतीयांशाच्या आत असेल, तर उरलेल्या पैशांत सर्व्हो स्टॅबिलायझर, बायसचा ट्रिमर आणि १२० वॅटला पुरतील असे स्पीकर बसतात का ते मांडून बघ. बसत असतील तर निर्णय बदलायला हरकत नाही. क्लीनला थोडी तडजोड करावी लागेल, तेवढी गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणून भागते.